पोराचा फोटो न विचारता टाकलाय, आता काय करायचं? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

आधी हे सगळं मी का लिहितेय ते सांगते. लेक दीड वर्षाची असताना घरी तिचं बोरन्हाण केलं, हलव्याचे दागिने, काळं झबलं, एका स्टुडिओवाल्याला पैसे देऊन फोटो काढून घेतले. दोन आठवड्यांनी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अगं तुझी लेक इन्स्टावर फेमस झाली की. बघते तर स्टुडिओच्या पेजवर तिचा फोटो, खाली तिचं नाव, आमच्या सोसायटीचं नाव आणि पॅकेजचे रेट. तेव्हापासून जे शोधलं, विचारलं, भांडले ते सगळं सोसायटीतल्या आया मला विचारत असतात म्हणून एकदाच लिहून टाकतेय. मी वकील नाही, मामला गंभीर असेल तर वकील गाठा.

लहान मुलाला कसली आलीये प्रायव्हसी? त्याचं सगळं आईबापच ठरवतात ना?

ठरवतात आईबाप, पण हक्क मुलाचा असतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम २१ मध्ये येतो. ते पुट्टस्वामी प्रकरण. त्यात न्या. कौल यांनी मुलांबद्दल वेगळं लिहिलंय, की पोरं नकळत इंटरनेटवर आपले माग सोडत राहतात आणि लहानपणीच्या वेडेपणाचे परिणाम त्यांना जन्मभर भोगायला लागू नयेत. आणि त्याच्याही आधी, १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला, त्याच्या कलम १६ मध्ये मुलाच्या खासगी आयुष्यात कुणी मनमानी ढवळाढवळ करायची नाही असं सरळ लिहिलंय.

आता हक्क आहे म्हणजे बटण दाबलं की फोटो गायब होतो असं नाही. फोटो कुणी टाकला आणि कशासाठी टाकला यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून खालचे प्रश्न तसेच वेगवेगळे केलेत.

नवीन डेटा कायद्यात २०० कोटी दंड आहे म्हणे. मग आमच्या आत्याबाईंना होईल का?

हा प्रश्न मला खरंच तीन जणींनी विचारलाय आणि तिघींच्या डोळ्यात चमक होती. नाही होणार.

२०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूल, आणि मुलाचा डेटा वापरायचा तर पालकांची खात्री करता येईल अशी परवानगी लागते (कलम ९). ज्यावरून मूल ओळखू येतं असा फोटो म्हणजे डेटाच. मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांना टार्गेट करून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि मुलांबाबतचे हे नियम मोडले तर २०० कोटींपर्यंत दंड. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की कुणी माणूस स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी डेटा वापरत असेल तर हा कायदा लागूच नाही. आत्या तिच्या फेसबुकवर भाचीचा फोटो टाकते ते घरगुती. शाळा, क्लास, स्टुडिओ, अॅप, ब्रँड यांचं घरगुती नाही.

अजून दोन गोष्टी. एक, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि पालकांच्या परवानगीचा जो मुख्य भाग आहे तो त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायचाय, त्यामुळे त्याच्या आधी कुणाला "तुमच्यावर डेटा बोर्डात (या कायद्याच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) केस टाकते" म्हणाल तर समोरचा हसेल. दोन, दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या हातात त्यातला रुपया पडत नाही.

मग नातेवाईकांचं काय करायचं? सासूबाई रोज सकाळी स्टेटसला नातवाचा फोटो ठेवतात.

खरी मेख इथेच आहे. आपण घाबरतो अनोळखी माणसाला, पण फोटो टाकणारी बहुतेक वेळा आपलीच माणसं असतात, आणि प्रेमानेच टाकतात, आणि नेमका तिथेच कायदा हात झटकतो.

नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये एक बाई स्वतःच्या आईविरुद्धच कोर्टात गेली होती, कारण आजीने नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवर टाकले होते आणि सांगूनही काढत नव्हती. कोर्टाने आजीला फोटो काढायला लावले, नाही काढले तर दिवसाला ५० युरो, जास्तीत जास्त १००० युरो. तिथेही घरगुती वापराला सूट आहेच, पण फोटो सगळ्या जगाला दिसू शकत असतील तर ते घरगुती कसं, असा कोर्टाचा रोख होता. आपल्याकडे अशी केस करायला जाल तर फोटो निघेलही कदाचित, पण पुढच्या दिवाळीला कोण कुणाकडे जाणार ते बघा.

म्हणून माझा अनुभव सांगते. पहिलं, ज्याची आई त्याने बोलायचं. सुनेने सांगितलं की "ही आम्हाला शिकवणार" होतं, मुलाने सांगितलं की "बरं बाबा". दुसरं, फोटो टाकू नका म्हणून थांबायचं नाही, त्यांना काहीतरी द्यायचं. आमच्याकडे फक्त घरच्यांचा ग्रुप आहे, त्यात आम्हीच रोज एक फोटो टाकतो, आजीआजोबा तिथे हवे तेवढे हार्ट देतात. आजीला फोटो जगाला दाखवायचा नसतो, तिला तो तिच्या भिशीतल्या मैत्रिणींना दाखवायचा असतो, मग फोन हातात घेऊन दाखवा की, त्याला कोण नाही म्हणतंय. तिसरं, कारण धाक घातल्यासारखं सांगू नका. "जग वाईट आहे" म्हटलं की त्या म्हणतात आमच्या ग्रुपमध्ये सगळे चांगले आहेत. त्यापेक्षा "स्टेटस कुणाकुणाला दिसतं ते बघूया का आई" म्हणून कॉन्टॅक्ट लिस्ट उघडून दाखवा. आमच्या घरी त्या लिस्टमध्ये गॅसवाला, जुना प्लंबर आणि एक प्लॉट विकणारा एजंट निघाला, पुढचं मला बोलावंच लागलं नाही.

व्हॉट्सअॅपवर चुकून गेलेला फोटो पाठवणाऱ्याला सगळ्यांसाठी डिलीट करता येतो पण त्याला साधारण दोन दिवसांची मुदत आहे. ग्रुप अॅडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज डिलीट करता येतो. तोवर कुणी सेव्ह केला असेल तर तो गेलाच.

अॅडमिशनच्या वेळी शाळेने फॉर्मवर सही घेतली होती. आता बोलायचा हक्क राहिला का?

राहिला. त्या फॉर्मवर सतराव्या ओळीत बारीक अक्षरात "शाळा विद्यार्थ्यांची छायाचित्रे वापरू शकेल" असं असतं आणि आपण बसच्या फीकडे बघत सही करतो, सगळ्यांचं तेच. पण डेटा कायद्याच्या हिशोबाने परवानगी कशी हवी तर स्वखुशीने दिलेली, नेमक्या कामासाठी, समजून उमजून, कसलीही अट न घालता. ॲडमिशन हवं असेल तर फोटोला हो म्हणा, ही अट झाली. आणि दिलेली परवानगी जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे असं कलम ६ सांगतं. तो भाग पूर्ण लागू व्हायच्या आधीसुद्धा शाळेला पत्र द्यायला कुणी अडवलेलं नाही, आणि शाळा पालकांशी वाकडं घ्यायला सहसा तयार नसतात.

शाळेचे फोटो जास्त नाजूक असतात असं मला वाटतं. घरच्या फोटोत नुसतं मूल असतं. शाळेच्या फोटोत युनिफॉर्म, बिल्ल्यावर नाव, खाली "इयत्ता दुसरी ब" आणि वर शाळेचं नाव, म्हणजे हे मूल रोज साडेबाराला कुठल्या गेटमधून बाहेर पडतं ते कुणालाही कळेल.

पत्र असं लिहा, मुख्याध्यापकांच्या नावाने, आणि ईमेलवर पाठवा म्हणजे तारीख राहते: "माझा पाल्य, इयत्ता अमुक, याचा फोटो किंवा व्हिडिओ शाळेच्या सोशल मीडियावर, वेबसाइटवर व जाहिरातीत वापरण्यास माझी संमती नाही. आधी दिलेली संमती मी मागे घेत आहे. पुढील लिंकवरील फोटो सात दिवसांत काढावेत व काढल्याचे कळवावे. वर्गातील उपक्रमांत तिला सहभागी करून घेण्यास माझी हरकत नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. नाहीतर स्नेहसंमेलनात पोरीला मागच्या रांगेत उभी करतात आणि वर म्हणतात तुम्हीच सांगितलं होतं ना. हे एका मैत्रिणीच्या मुलीबरोबर झालंय, झाड केलं होतं तिला.

क्लासवाल्यांनी दहावीच्या निकालानंतर मुलाचा फोटो चौकात फ्लेक्सवर लावला आणि इन्स्टावर पण टाकला. अभिमानाची गोष्ट आहे, पण विचारलं नाही.

अभिमान तुमचा, धंदा त्यांचा. ही सरळ जाहिरात आहे, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा चेहरा, नाव, टक्के वापरून पुढच्या वर्षीची बॅच भरायची, त्यामुळे "घरगुती" ही पळवाट इथे नाही. काही मुलांना आवडतं, काहींना मित्र महिनाभर चिडवतात, मुलाला आधी विचारा. नको असेल तर लेखी सांगा. मी पाहिलंय की क्लासवाले ऑनलाइन पोस्ट लगेच काढतात पण फ्लेक्सला "छपाईचे पैसे गेले मॅडम" म्हणून हात लावत नाहीत, तेव्हा फ्लेक्सला महापालिकेची परवानगी घेतलीय का एवढं हळूच विचारायचं.

स्टुडिओवाला म्हणतो फोटो मी काढला म्हणजे कॉपीराइट माझा.

मलाही हेच ऐकवलं होतं. एरवी फोटो काढणाराच मालक असतो हे खरं, पण कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ वाचा. कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि उलटा करार नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही. म्हणून बिलाच्या मागे किंवा बुकिंगच्या मेसेजमध्ये "स्टुडिओ फोटो प्रमोशनसाठी वापरेल" अशी ओळ आहे का ते बघा, असेल तर बुकिंगच्या वेळीच खोडायला लावा. माझ्या बिलावर नव्हती. कलमाचा नंबर टाकून मेसेज केला, त्या संध्याकाळी पोस्ट गेली, रील मात्र राहिलं होतं, त्यासाठी परत चार दिवस मागे लागायला लागलं. बारसं, जावळ, उष्टावण, पहिला वाढदिवस, सगळीकडे आता मी आधीच लिहून घेते.

फोटो साधाच आहे, तसला काही नाही. पोलिसात जाता येतं का?

साधा फोटो न विचारता टाकला एवढ्यावर गुन्हा होत नाही, हे स्पष्ट माहीत असू द्या नाहीतर चौकीत दोन तास बसून परत याल. पण त्या फोटोचं पुढे काही केलं असेल तर चित्र बदलतं. मुलाच्या नावाने खोटं प्रोफाइल काढलं तर आयटी कायद्याचं ६६क, ६६ड (इंग्रजीत सी आणि डी). मुलाच्या खासगी अवयवांचा फोटो काढला किंवा पसरवला तर ६६ई, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. चेहरा उचलून अश्लील चित्रावर चिकटवला, हल्ली तर एआयने दोन मिनिटांत होतं, तर ६७बी, पहिल्यांदाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, शिवाय पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा.

हे शेवटचं झालं असेल तर एक चूक अजिबात करू नका, जी घाबरलेले पालक हमखास करतात. "हे बघा काय केलंय" म्हणत तो फोटो पुरावा म्हणून दहा जणांना, सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करतात. २३ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असलं साहित्य नुसतं जवळ ठेवणं, बघणं हेसुद्धा पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतं, आणि त्याला "चाइल्ड पोर्नोग्राफी" म्हणू नका, ते मुलाचं शोषण आहे. तेव्हा लिंक, प्रोफाइलचं नाव, तारीख, वेळ कागदावर लिहा आणि थेट सायबर पोलिसांकडे द्या. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला व मुलांसाठी वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार होते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास. शिवाय अमेरिकेतल्या एका संस्थेची "टेक इट डाउन" म्हणून फुकट सोय आहे, १८ च्या आतल्या मुलांचे नग्न किंवा अर्धनग्न फोटो असतील तर फोटो अपलोड न करता त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टासारख्या कंपन्या त्या ठशावरून शोधून काढून टाकतात, भारतातूनही वापरता येते.

आणि हो, बाळाला आंघोळ घालतानाचे फोटो. आपल्याला त्यात तेल, शेक आणि गोंडसपणा दिसतो. ते टाकूच नका, कुठेच नको.

इन्स्टा, यूट्यूब, गूगलवरून काढायचं कसं?

आधी टाकणाऱ्याला मेसेज करा, निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. मग रिपोर्ट. फेसबुक आणि इन्स्टावर मूल १३ च्या आतलं असेल तर पालक प्रायव्हसीचा फॉर्म भरू शकतात, १३ ते १७ मधलं असेल तर साधारणपणे मुलानेच तक्रार करावी अशी त्यांची अपेक्षा असते, तेव्हा शेजारी बसून त्याच्याकडूनच भरून घ्या. यूट्यूबवर "प्रायव्हसी तक्रार" वेगळी असते, ते टाकणाऱ्याला सहसा ४८ तास देतात. गूगलने २०२१ पासून १८ च्या आतल्या मुलांचे फोटो सर्चमधून काढायची सोय दिलीय, पण सर्चमधून गेला म्हणजे मूळ वेबसाइटवरून गेला असं नाही, हे लोक विसरतात.

रिपोर्टला "आमच्या नियमांविरुद्ध नाही" असं छापील उत्तर आलं तर हार मानू नका. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याचा ईमेल त्यांच्या साइटवर कुठेतरी खाली पुरलेला असतो. मूळ नियमात तक्रारीला १५ दिवस, आणि नग्नता, मॉर्फिंग किंवा तोतयेगिरी असेल तर २४ तास होते, नंतर मुदती अजून आवळल्यात. तिथेही नाही जमलं तर सरकारची तक्रार अपील समिती आहे, २०२३ पासून, ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करायचं, वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. याबद्दल फार कमी जणांना माहितीये.

ग्रुप अॅडमिन जबाबदार असतो का?

दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी नुसता अॅडमिन आहे म्हणून नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे सांगितलंय. दोघांचा मिळून तसा इरादा असेल तर गोष्ट वेगळी. पण डिलीट करायचं बटण हातात असताना अॅडमिनकाका "मी काय करू" म्हणत असतील तर ऐकून घेऊ नका.

अत्याचार झालेल्या मुलाचा फोटो "न्याय मिळवून द्या" म्हणून फॉरवर्ड करणं चालतं का?

नाही. हेतू कितीही चांगला असू दे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पॉक्सोचं कलम २३, मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीच प्रसिद्ध करायचं नाही. जम्मूकडच्या कठुआतल्या लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या वेळी, एप्रिल २०१८ मध्ये, दिल्ली हायकोर्टाने मोठमोठ्या माध्यमांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. गुन्ह्यात पकडलेल्या अल्पवयीन मुलाचं पण तेच, राग कितीही आला तरी.

हरवलेल्या मुलांचे मेसेज वेगळे, पण मूल सापडल्यावर तो मेसेज कुणी मागे घेत नाही. पुढे पाठवायच्या आधी त्यातल्या नंबरवर एक फोन करा.

सेलिब्रिटींच्या मुलांचे फोटो तर सगळेच टाकतात?

टाकतात म्हणून ते बरोबर होत नाही. २०२३ मध्ये एका नामवंत सिनेकुटुंबातली ११ वर्षांची मुलगी दिल्ली हायकोर्टात गेली, तिच्या तब्येतीबद्दल यूट्यूबवर खोटे व्हिडिओ फिरत होते. कोर्टाने ते काढायला लावले आणि म्हटलं की मूल सेलिब्रिटीचं असो की सामान्याचं, सन्मान दोघांना सारखाच. नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये.

आम्ही वेगळे झालोय, आणि दुसरा पालक मुलाचे रील टाकतो.

कस्टडीची केस चालू असेल तर फॅमिली कोर्टात त्याच केसमध्ये अर्ज करा, आणि समझोता होत असेल तर त्यातच फोटोची अट लिहून घ्या. वेगळी पोलीस तक्रार शक्यतो नको, मूल मध्ये भरडलं जातं.

आम्ही जर्मनीत असतो. मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांच्या नाचाचे फोटो टाकतात.

तुमच्याकडे तर नियम कडक आहेत. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला जुन्या कायद्यानेच त्याची परवानगी लागते, वर युरोपचा डेटा कायदा, जीडीपीआर. मंडळाने रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्येच हो-नाहीचा चौकोन ठेवावा, मोदक किती हवेत त्याच्या खाली. फ्रान्सने तर २०२४ मध्ये कायदाच केला की मुलाच्या फोटोची जबाबदारी आईवडिलांची दोघांची मिळून आणि मुलाचं वय बघून त्यालाही विचारायचं.

म्हणजे आम्ही स्वतः टाकायचेच नाहीत का?

टाका की. मी पण टाकते, पाठमोरे, हातांचे, रांगोळीत बरबटलेल्या पायांचे. लेक आता आठ वर्षांची आहे, पोस्ट करायच्या आधी तिला दाखवते. मागच्या वर्षी तिने दात पडलेला फोटो नको म्हटलं, मला तो फार आवडला होता, नाही टाकला.

चेहऱ्यावर इमोजी लावला तर चालतो का?

फोटोसाठी बऱ्यापैकी चालतो, फक्त युनिफॉर्म, गाडीचा नंबर, दारावरची पाटी पण बघा. व्हिडिओत उपयोग नाही, तिथे आवाज असतो आणि मागून कुणीतरी हमखास पूर्ण नावाने हाक मारतं. आणि इमोजी जाड लावा, आमच्या यांनी एकदा हार्ट एवढं छोटं लावलं होतं की फक्त नाक झाकलं.